सूचनांचा रकाना

दर सोमवारी सकाळी आठवडाभराचे अभिप्राय एका लांबलचक तक्त्यात माझ्याकडे येतात. डावीकडे तारीख आणि वेळ, त्यापुढे ताऱ्यांची संख्या, मग अभिप्राय कोणत्या पानावरून आला त्याची नोंद, वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर आणि सर्वांत उजवीकडे आमच्या तरुण अभियंत्याने मारलेला शेरा: चूक, मागणी, कौतुक किंवा अस्पष्ट. लिहिणाऱ्याचे नाव नसते, फोन क्रमांक नसतो, गावही नसते. गेल्या मे महिन्यात अशाच एका तक्त्यात एक ओळ होती. वेळ रात्रीचे दोन वाजून चाळीस मिनिटे, तारा एक, आणि मजकूर एवढाच: 'मी आत्ता जे सांगितले ते कोणी वाचले का?' त्यापुढे शेरा होता, 'अस्पष्ट'. शेरा मारणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. चूक म्हणावी तर कुठे बिघाड नव्हता, मागणी म्हणावी तर कशाची ते लिहिलेले नव्हते. मी पुढच्या ओळीकडे गेले. तेथे कोणीतरी अक्षरे मोठी करा असे सुचवले होते, त्याखाली कोणी नुसताच अंगठा दाखवला होता. पण दुपार झाली तरी माझे लक्ष त्या एका ओळीवरून हटेना.

आमचे अ‍ॅप लहान आहे. झोप न लागणे, सतत धास्ती वाटणे, कशातच मन न रमणे अशा तक्रारींसाठी माणसाला स्वतःचे स्वतः करता येतील असे व्यायाम, नोंदी आणि प्रश्नावल्या त्यात मराठीतून दिल्या आहेत. नागपुरातला चार-पाच जणांचा गट ते चालवतो. मजकूर लिहिणे आणि अभिप्राय वाचणे हे काम माझ्याकडे आले, कारण त्याआधी बरीच वर्षे मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समुपदेशक म्हणून बसत होते. त्या रात्री काय घडले असावे, हे पानाच्या नोंदीवरून कळत होते. त्या व्यक्तीने नऊ प्रश्नांची प्रश्नावली पूर्ण केली होती. शेवटचे उत्तर देताच अ‍ॅपने बेरीज दाखवली, खाली दोन ओळींचा सल्ला दाखवला आणि लगेच एक चौकट उघडली: 'अ‍ॅप आवडले का? तारे द्या!' अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या जगात ही चौकट काम पूर्ण झाल्याच्या क्षणी उघडण्याची पद्धत आहे, कारण त्या वेळी माणूस समाधानी असतो असे मानले जाते. रेल्वेचे तिकीट निघाल्यावर किंवा किराणा घरी पोहोचल्यावर ते खरेही असेल. येथे मात्र एका माणसाने गेल्या दोन आठवड्यांतली आपली झोप, भूक, थकवा, अपराधीपणा आणि जगण्याविषयीचा विचार एकेक करून मांडला होता, आणि त्याचे शेवटचे अक्षर वाळण्याआधीच आम्ही त्याच्यापुढे आमचे गुणपत्रक धरले होते.

त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर 'नाही' असे होते. कोणीही वाचले नव्हते, आणि कोणी वाचू नये अशीच आमची रचना होती. प्रश्नावलीची उत्तरे वापरकर्त्याच्या फोनबाहेर जात नाहीत. आमच्याकडे ती येत नाहीत, साठत नाहीत, कोणाला विकली जाण्याचा प्रश्नच येत नाही. या गोष्टीचा आमच्या गटाला अभिमान होता आणि माझ्या मते तो रास्त होता. पण गुप्ततेची जी भिंत आम्ही त्या व्यक्तीच्या भल्यासाठी उभी केली होती, तिच्या आत ती व्यक्ती रात्री पावणेतीनच्या सुमारास एकटी उभी होती आणि भिंतीपलीकडे कोणी आहे का, हे विचारत होती.

नऊ प्रश्नांच्या या प्रश्नावलीला पीएचक्यू-९ म्हणतात. २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून अधिक झाले की अधिक चौकशी करावी, वीस किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र नैराश्य समजावे, अशी तिची ढोबळ रीत आहे. ती तयार झाली मुख्यतः सर्वसाधारण दवाखान्यांसाठी. ताप-खोकल्याचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला, समोर बसलेल्या माणसाचे मनही दुखत आहे का, हे थोड्या वेळात कळावे हा तिचा हेतू. म्हणजे कागदाच्या पलीकडे एक डॉक्टर बसलेला आहे, हे तिच्या रचनेत गृहीत धरलेले होते. ओपीडीत मी हे प्रश्न वाचून दाखवत असे तेव्हा ते कधीच क्रमाने पार पडत नसत. झोपेचा प्रश्न विचारला की समोरची बाई मुलीच्या सासरची हकीकत सांगू लागे, मी पेन टेबलावर ठेवून देई, आणि खुणा करायचे काम ती उठून गेल्यावर होई. भुकेच्या प्रश्नावर एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, 'आता ताट वाढून देणारं कोणी राहिलं नाही, तर भूक कशी सांगू?' याला किती गुण द्यायचे? नववा प्रश्न, मरून गेलेले बरे असे वाटते का, हा तर मी कधीच कागदाकडे पाहून विचारला नाही. खुर्ची थोडी पुढे घ्यायची, बरोबर आलेल्या नातेवाइकाला चिठ्ठी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवायचे, आणि मग विचारायचे. फोनवर नऊच्या नऊ प्रश्न एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच पांढऱ्या पानावर, एकाच गतीने पुढे सरकतात.

प्रश्नावली आम्ही शब्दशः घेतली होती. तिच्याभोवतीचे बाकी काहीच घेता आले नव्हते.

तरीही माणसे अ‍ॅपकडे का वळतात, हे नागपुरात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. छिंदवाडा मार्गावरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आजही ऑटोवाले पागलखाना चौक म्हणतात, आणि लहान मुले एकमेकांना तिथे पोचवून देण्याची धमकी देतात. धंतोलीतल्या खासगी दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात मी कितीदा पाहिले आहे: उन्हातून स्कूटी चालवत आलेली मुलगी तोंडाला बांधलेला दुपट्टा आत आल्यावरही सोडत नाही. एसी चालू असतो, घाम वाळलेला असतो, दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात तिने तो केव्हाच काढला असता. येथे नाव पुकारले जाईपर्यंत तिचे फक्त डोळे दिसतात, आणि ते दाराकडे लागलेले असतात. नागपूर मोठे झाले, मेट्रो धावू लागली, तरी बर्डीवर दहा मिनिटे उभे राहिले की एक ओळखीचा चेहरा हमखास भेटतो. अशा शहरात फोनच्या काचेमागे तोंड लपवण्याची सोय ही किरकोळ सोय नव्हे.

त्या सोमवारनंतर मी जुने सगळे तक्ते पुन्हा काढले आणि पहिल्यापासून वाचायला बसले. येथे जी उदाहरणे देत आहे त्यांतले ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. भाषाही पुष्कळदा माझीच आहे. एका बाईने लिहिले होते की श्वासाच्या व्यायामातला आवाज तिला ऐकू येत नाही. अभियंत्याने आवाजाची पातळी तपासून ती योग्य असल्याचे नोंदवले होते. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा लिहिले, आणि या वेळी सविस्तर. उन्हाळ्यात घरातल्या एकाच खोलीत कूलर लागतो, सगळे तिथेच झोपतात. कूलरच्या घरघरीत तो हळुवार आवाज बुडून जातो. आवाज वाढवला तर सासूबाई जाग्या होतात, कानात इयरफोन घातले तर सकाळी प्रश्न होतात. आणि छातीत धडधड नेमकी रात्रीच होते.

हे वाचल्यावर मला ती खोली दिसू लागली. नागपुरात मे महिन्यातली रात्र कशी असते, हे मी काय सांगावे? अकरा वाजले तरी भिंती हाताला गरम लागतात, गच्चीची फरशी पायाखाली ऊब सोडत राहते, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीत भरलेला असतो आणि पंख्याच्या आवाजाची इतकी सवय होते की वीज गेल्यावर त्या शांततेनेच जाग येते. त्या आवाजात, पाच माणसांच्या मध्ये, एक बाई डोळे उघडे ठेवून पडली आहे आणि आम्ही पुण्यातल्या ध्वनिमुद्रण कक्षात मुद्रित केलेली बासरी तिला ऐकवू पाहत आहोत. मग आम्ही आवाजाचा नाद सोडला. स्क्रीन पूर्ण काळी, आणि फोन उशीखाली ठेवून केवळ त्याच्या कंपनावर श्वास घ्यायचा, असा प्रयोग सुरू केला. श्वास चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मनाची धावपळ शांत करायला ही संथ लय उपयोगी पडते. कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात स्वस्त फोनच्या कंपनाचा जोर कमी-जास्त करता येत नाही. कापसाच्या गादीवर ते जाणवतच नव्हते, आणि दिवाणाच्या फळीवर तेच इतके कडकडत होते की शेजारचा माणूस उठून बसावा. सलग चार सेकंदांच्या कंपनाने तर हाताला मुंग्या येत. शेवटी श्वास घेताना सेकंदाला एक अगदी तोकडा ठोका आणि सोडताना काहीच नाही, अशी मांडणी जमली. त्या बाईचा तिसरा अभिप्राय पावसाळ्यात आला. 'आता कोणाला कळत नाही,' एवढेच तिने लिहिले होते. माझ्या कामातले मोठे समाधान मला त्या चार शब्दांत मिळाले, हे मी मोकळेपणाने लिहिते.

बाकीच्या काही सूचना पाहताक्षणी पटण्यासारख्या होत्या. फोन घरात सर्वांच्या हातात फिरतो, त्यामुळे 'आज मन उदास आहे का?' अशी नोटिफिकेशन मुलाच्या ऑनलाइन तासात झळकते. ती बंद झाली. सलग दिवसांची साखळी तुटल्यावर दिसणारे रडके चित्र काढून टाकले, कारण अंथरुणातून उठणेच ज्याला जड जाते त्याला आपण काल आला नाहीत हे सांगण्यात काय अर्थ आहे?

एक अभिप्राय मात्र वेगळ्याच जागी बोट ठेवणारा होता. विचारांची नोंदवही नावाचा आमचा एक विभाग आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली आणि कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाची झालेली विवेकनिष्ठ पद्धत, आणि १९६० च्या दशकात तेथीलच मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी उभी केलेली बोधात्मक उपचारपद्धती, या दोन्हींच्या आधाराने तो रचला आहे. मनात आलेला विचार लिहायचा, मग अ‍ॅप विचारते, या विचाराला पुरावा काय? नागपुरात खोली करून शिकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाने विचार लिहिला होता, 'आमचे घर बुडणार.' पुराव्याच्या प्रश्नापाशी तो थांबला आणि सूचनांच्या रकान्यात त्याने लिहिले, 'पुरावा बँकेची नोटीस. पुढे काय लिहू?' आम्ही सगळे एकत्र बसून ते वाचले तेव्हा थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. आमचे डॉक्टर, जे आम्हाला विनामोबदला सल्ला देतात, म्हणाले, 'हा मुलगा बरोबर आहे. त्याचा विचार वाकडा नाही, त्याची परिस्थिती वाकडी आहे.' अतिरंजित भीतीला पुरावा विचारणे योग्यच आहे, पण खऱ्या संकटात सापडलेल्या माणसाला तोच प्रश्न अपमानासारखा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये संकटग्रस्त लोकांसाठी 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' नावाची पद्धत पुढे आणली, तिच्यात ताण हाताळण्याच्या उपायांबरोबर व्यावहारिक अडचणीचे तुकडे पाडून एकेका तुकड्यावर काम करणे आणि आपल्या माणसांचा आधार पुन्हा जोडणे याला मोठे स्थान आहे. आम्ही नोंदवहीच्या सुरुवातीलाच एक फाटा पाडला: ही अडचण बाहेर घडत आहे, की घडेल अशी भीती आहे? पहिला पर्याय निवडणाऱ्याला आता पुरावा विचारला जात नाही. या आठवड्यात कोणाला भेटता येईल, कोणता कागद मिळवता येईल, कोणाला सोबत नेता येईल, हे विचारले जाते. त्याने बँकेची नोटीस मागे फिरत नाही, हेही मला माहीत आहे.

पण तक्ते वाचत गेले तसतसे लक्षात आले की पुष्कळ ओळी सूचना नव्हत्याच. 'अ‍ॅपविषयी आपली सूचना लिहा' या चौकटीत लोकांनी आपले दुःख लिहिले होते. नवऱ्याची नोकरी गेल्याचे, परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाल्याचे, आई गेल्यावर वडील बोलेनासे झाल्याचे. एकीने दीड पानभर लिहून शेवटी 'सूचना काही नाही' असे लिहिले होते. कारण उघड होते. संपूर्ण अ‍ॅपमध्ये पलीकडे माणूस असल्याची खूण देणारी ती एकच चौकट होती. बाकी सगळीकडे प्रश्न, व्यायाम आणि चित्रे; येथे मात्र कोणीतरी वाचणार, असा वायदा होता. आमचा अभियंता, वयाने माझ्या मुलाएवढा, त्या ओळी माझ्या शेजारी बसून वाचत होता. तो म्हणाला, 'मॅडम, हे आपल्यालाच लिहून राहिले ना ते? अन् आपण सोमवारी वाचून राहिलो.' त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने 'अस्पष्ट' हा शेरा यादीतून काढून टाकला होता. त्या जागी काय लिहायचे हे त्याने ठरवले नव्हते, रकाना कोराच ठेवला होता.

वाचणाऱ्यांच्या उशिरापेक्षाही मला त्रास देणारी गोष्ट म्हणजे न लिहिणाऱ्यांची संख्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला होता. अ‍ॅप उतरवून घेतल्यानंतर पंधराव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचे मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) प्रमाण ३.९ टक्के आणि तिसाव्या दिवशी ३.३ टक्के निघाले. म्हणजे ज्यांच्या सांगण्यावरून आपण सुधारणा करत असतो ते उरलेले थोडे लोक असतात, आणि त्यांतही चार ओळी लिहिण्याइतके बळ ज्यांच्यात आहे असे. कूलरबद्दल तीनदा लिहिणारी बाई मला कळली. पहिल्याच रात्री आवाज ऐकू न आल्याने फोन बाजूला ठेवून देणाऱ्या किती जणी असतील, त्या मला कधीच कळणार नाहीत. ओपीडीच्या बाहेरच्या बाकावरही हेच घडत असे. सकाळी केसपेपर काढलेला माणूस अकरा वाजता तेथे असे आणि नाव पुकारले की जागा रिकामी. बरे वाटले म्हणून गेला, रोजी बुडेल म्हणून गेला, की कोणी ओळखीचे दिसले म्हणून गेला? बाकाने कधी सांगितले नाही, पण निदान तो रिकामा झालेला दिसत तरी होता, आणि शिपायाला 'बघ रे, फाटकापर्यंत गेले असतील' असे म्हणता येत होते.

न लिहिणाऱ्यांना ओळखण्याचा तांत्रिक मार्ग आहे, आणि त्यावर आमच्यात खूप वाद झाला. कोणत्या प्रश्नावर बोट किती वेळ घुटमळले, कोणते उत्तर खोडून दुसरे दिले, रात्री किती वाजता अ‍ॅप उघडले, हे सर्व टिपता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याप्रमाणे संमती घेऊन हे करता आले असते. संमतीच्या लांब मजकुराखालचे बटण आपण सगळेच न वाचता दाबतो. मी विरोध केला आणि अजूनही माझे मत तेच आहे. ओपीडीत एखादी बाई नवव्या प्रश्नावर थबकली तर ते थबकणे मी पाहिले आहे, हे तिलाही दिसत असे. तिच्या नकळत टिपलेले थबकणे वेगळे असते. शेवटी प्रत्येक पानावर एकूण किती जण थांबतात एवढीच बेरीज घ्यायची, कोण थांबले ते घ्यायचे नाही, असे ठरले. त्या बेरजेवरून कळले की नवव्या प्रश्नावर सोडून जाणारे सर्वांत जास्त आहेत. हे कळून मी अस्वस्थ झाले, आणि तरीही ते अधिक तपशिलात कळावे असे मला वाटत नाही.

दुसरा वाद उत्तरांचा होता. अभिप्राय पाठवल्यावर लगेच यंत्राने काही आपुलकीचे लिहावे, अशी एक सूचना आमच्यातूनच आली. यंत्राशी माणूस किती लवकर जवळीक साधतो, हे नवे नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा संगणक-कार्यक्रम लिहिला. तो समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारत असे. त्यांच्या सचिव, ज्यांना तो कार्यक्रम कसा बनला हे माहीत होते, त्याच्याशी थोडे बोलल्यावर वायझेनबाम यांनाच खोलीबाहेर जायला सांगू लागल्या. वायझेनबाम यांना या प्रसंगाने आनंद झाला नाही, ते धास्तावले. आज यंत्रे कितीतरी सफाईने बोलतात आणि काहींना त्यांचा आधारही होत असेल, ते मी नाकारत नाही. परंतु 'कोणी वाचले का' असे विचारणाऱ्याला न वाचता 'आम्ही तुमच्या भावना समजू शकतो' असे लिहून पाठवणे म्हणजे त्याच्याशी खोटे बोलणे आहे. धोक्याचे शब्द हेरणाऱ्या गाळणीचाही प्रयोग झाला. मराठी घरांत मरणाचे शब्द उठता-बसता येतात. 'मेली ही जाहिरात' असे लिहिणारी गाळणीत अडकली, आणि 'सगळ्यांची देणी देऊन टाकली, आता हलके वाटते' असे लिहिणारा सुटला. ती दुसरी ओळ निरोपासारखी होती; ती वाचून डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

त्या ओळीचे पुढे काय झाले, ते कळण्याचा मार्ग नव्हता.

त्यानंतर सूचनांच्या चौकटीवरचा मजकूर मी बदलून लिहिला. आता तेथे असे आहे: 'हे आमच्यातील दोन माणसे सोमवार ते शुक्रवार दिवसा वाचतात. रात्री येथे कोणी नसते. आत्ता कोणाशी बोलावेसे वाटत असेल तर १४४१६.' क्रमांकावर बोट ठेवले की फोन लागतो. हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा आहे; ती निःशुल्क आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. हाच क्रमांक आता नवव्या प्रश्नाच्या पानावरही आहे, प्रश्नाचे उत्तर काहीही दिले तरी दिसेल असा. तारे मागणारी चौकट प्रश्नावलीच्या आसपास येत नाही आणि रात्री तर कोठेच येत नाही. 'रात्री येथे कोणी नसते' या वाक्यावर आमच्यातले काही जण नाराज होते. एवढे कोरडे लिहू नये, असे त्यांचे म्हणणे होते. वापरकर्त्यांत दोन्ही प्रकारची माणसे निघाली. एकाने लिहिले, 'खरे सांगितलेत, बरे वाटले.' दुसऱ्याने लिहिले, 'मग उपयोग काय तुमचा?' हा दुसरा प्रश्न मी टाळू शकत नाही. उपयोग थोडा आहे. कूलरच्या आवाजात श्वास मोजता येण्याइतका, दवाखान्याची पायरी चढण्याआधी आपल्याला काय होत आहे ते स्वतःपाशी मांडून पाहण्याइतका.

लिहिणाऱ्याला उत्तर देण्याची सोयही झाली आहे. नाव न विचारता, त्याच्याच फोनवर अ‍ॅपच्या आत ते उत्तर उमटते. त्याने अ‍ॅप काढून टाकले असेल तर ते पोहोचत नाही. ही उत्तरे लिहायला मला फार वेळ लागतो. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला मी आधी लिहिले, 'निराश होऊ नकोस.' ते खोडले. मग लिहिले, 'तू एकटा नाहीस.' तेही खोडले, कारण तो त्या रात्री एकटाच होता. अखेर त्याने जे सांगितले होते तेच माझ्या शब्दांत परत लिहिले: तिसरा प्रयत्न होता, घरी अजून सांगितलेले नाही, आणि वडिलांच्या चेहऱ्याची भीती वाटते, हे मी वाचले. घरात आधी कोणाला सांगणे सोपे जाईल, हे विचारून थांबले. उत्तराला 'ताई' म्हणून सुरुवात करत त्याने लिहिले, 'आत्याला.'

सध्या आम्ही बेरजेच्या पानावर अडलो आहोत. प्रश्नावलीनंतर गुणांचा आकडा दाखवावा की नाही, यावर वापरकर्त्यांचेच दोन तट आहेत. काहींना लाल रंगातले २१ पाहून धडकी भरली. रंग आम्ही काढला, पण आकड्याचे काय? काहींना तो हवा आहे, कारण महिन्याभराने तो पाच-सहा अंकांनी उतरलेला दिसला तर औषध लागू पडत आहे असे त्यांना वाटते, आणि डॉक्टरांच्या मते हे वाटणे बरोबर आहे. पाच गुणांचा फरक वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगा मानतात. आम्ही हा प्रश्न भर दुपारी, ज्यांनी त्या आठवड्यात प्रश्नावली भरलेली नाही अशांनाच विचारला. एका बाईने लिहिले की आकडा तिला स्वतःला पाहायचा नाही, पण डॉक्टरांसमोर बसले की तोंडातून शब्द फुटत नाहीत, म्हणून त्यांना दाखवायला एक पान मिळाले तर बरे होईल. ते पान आता तयार होत आहे. त्यावर नऊ प्रश्नांची उत्तरे असतील, आकडा मागे असेल, औषधे आणि झोपेच्या वेळा असतील, आणि ते फोनवरच बनेल, आमच्याकडे येणार नाही. खाली तीन ओळी मोकळ्या सोडा, डॉक्टर काय म्हणाले ते तिथे बसूनच लिहून घेता येईल, असेही तिने सुचवले होते. तीन ओळी पुरणार नाहीत असे आमच्या डॉक्टरांचे मत पडले, म्हणून सहा ठेवल्या आहेत.